विषमज्वर : पहिल्या रुग्णाची नोंद

सौंसर आणि पांढुर्णा हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला मध्य प्रदेशातील मराठीभाषिक पट्टा होय. छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, कापसाची शेती, आठवड्याचे बाजार आणि नागपूरशी असलेला नित्याचा व्यवहार ही या भागाची ओळख. सौंसर तालुक्यातील लोधीखेडा हे नागपूर-छिंदवाडा रेल्वेमार्गावरील असेच एक गाव आहे. बाजारहाट, शिक्षण आणि आजारपण या तिन्ही कारणांनी येथील माणसांची पावले नागपूरकडे वळतात. या शेवटच्या कारणाचा आरोग्याच्या दृष्टीने विशेष विचार करणे आवश्यक आहे.

समजा, लोधीखेड्यातील एका मुलास सलग सहा दिवस ताप आहे. घरच्यांनी प्रथम गावातच औषध घेतले, उतार पडला नाही म्हणून नागपूरला नेले. तेथे विषमज्वराचे निदान झाले, उपचार मिळाले आणि मुलगा बरा होऊन घरी आला. कुटुंबाच्या दृष्टीने प्रश्न मिटला. परंतु ज्या पाण्यातून अथवा अन्नातून तो जंतू मुलाच्या पोटात गेला, ते पाणी व ते अन्न नागपुरात नव्हते, ते गावातच होते आणि अद्यापि आहे. रुग्ण बरा झाला, रोगाचे मूळ मात्र जेथल्या तेथे राहिले. या मुलाची नोंद त्याच्या गावच्या पत्त्यासह आरोग्य यंत्रणेकडे गेली असेल, तरच ते मूळ शोधता येते. नोंद झाली नाही, तर गावाला रोगाची वार्ता दहाव्या किंवा पंधराव्या रुग्णानंतर कळते. रोगसर्वेक्षण या शब्दाचा व्यवहारातील अर्थ एवढाच आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

जंतूंचे कुळ

विषमज्वरास आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणतात, हिंदीभाषिक लोक मोतीझरा म्हणतात आणि दवाखान्यात टायफॉईड हे नाव रूढ आहे. हा रोग साल्मोनेला नावाच्या जंतूंच्या एका जातीमुळे होतो. डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्याच्या नावावरून या कुळास हे नाव पडले. त्यांच्या प्रयोगशाळेत थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ च्या सुमारास डुकरांच्या आजारात असा एक जंतू शोधून काढला होता. त्यापूर्वीच, १८८० साली, एबर्थ यांनी विषमज्वराचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता आणि १८८४ साली गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला होता. आज या कुळातील २,५०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत.

सामान्य वाचकाने या प्रकारांचे दोन गट ध्यानात ठेवले तरी पुरे. पहिला गट विषमज्वर व पॅराटायफॉईड यांच्या जंतूंचा. विषमज्वराचा जंतू केवळ माणसाच्याच शरीरात नांदतो. गाय, बकरी, कोंबडी यांच्याकडून तो येत नाही. तो एका माणसाच्या विष्ठेतून किंवा मूत्रातून बाहेर पडतो आणि पाणी, दूध, अन्न अथवा हात यांच्या मार्गे दुसऱ्या माणसाच्या तोंडात जातो. जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा एक ते दोन आठवडे जातात. क्वचित हा काळ महिन्यापर्यंतही लांबतो. नंतर दिवसागणिक चढत जाणारा ताप, डोकेदुखी, अन्नावरची वासना उडणे, पोटदुखी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब आणि कमालीचा थकवा ही लक्षणे दिसतात. उपचार न झाल्यास तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यातून रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्यास छिद्र पडण्याचा धोका असतो आणि त्यातच रुग्ण दगावतो.

दुसरा गट प्राणी व पक्षी यांच्या आतड्यांत राहणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अंडी, मांस, न तापविलेले दूध यांच्यावाटे ते माणसात येतात. दूषित अन्न खाल्ल्यापासून ६ ते ७२ तासांत, बहुधा १२ ते ३६ तासांत, उलट्या, जुलाब, पोटात कळा आणि ताप सुरू होतो व २ ते ७ दिवसांत बहुतेक रुग्ण बरे होतात. तान्ही मुले, वृद्ध आणि अशक्त माणसे यांना मात्र हा आजार जड जातो. लग्नाच्या पंगतीनंतर एकाच वेळी अनेकांना होणाऱ्या अन्नविषबाधेमागे पुष्कळदा हेच जंतू असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ९० लाख लोकांना विषमज्वर झाला आणि १ लाख १० हजार लोक त्यास बळी पडले. हा रोग मुख्यतः दक्षिण आशिया व आफ्रिका येथे आढळतो आणि आपला देश त्याच्या प्रमुख क्षेत्रांपैकी एक आहे.

एका खेड्यातील नोंदवही

रोगजंतूंचा शोध लागण्यापूर्वीच विषमज्वराच्या प्रसाराचे रहस्य एका खेड्यातील डॉक्टरांनी उलगडले होते, ही गोष्ट आजही उद्बोधक आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील नॉर्थ टॉटन या आपल्या जन्मगावी विल्यम बड हे वैद्यकीय व्यवसाय करीत. १८३९ साली त्या गावात विषमज्वराची साथ आली आणि काही महिन्यांत ८० हून अधिक रुग्ण त्यांच्या हाताखालून गेले. गाव लहान, सर्व कुटुंबे परिचयाची. त्यामुळे कोण कोणाच्या घरी गेले, कोण कोणाच्या आधी आजारी पडले, हे त्यांना बारकाईने पाहता आले. रोगाची लागण झाल्यावर तीन माणसे गाव सोडून इतरत्र गेली आणि त्या तिन्ही ठिकाणी नवे रुग्ण झाले, हे त्यांनी टिपून ठेवले. दुर्गंधीयुक्त हवेमुळे ताप येतो अशी त्या काळी समजूत होती. बड यांनी मात्र रोग्याच्या मलातून रोग पसरतो असे मांडले आणि १८७३ साली ग्रंथरूपाने ते प्रसिद्ध केले. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. कोण, कोठे आणि केव्हा, या तीन प्रश्नांची प्रामाणिकपणे लिहिलेली उत्तरे एवढेच त्यांचे साधन होते. आजचे सर्वेक्षणही मूलतः याच तीन प्रश्नांवर उभे आहे.

लोधीखेड्यासारख्या गावात हे काम तुलनेने सोपे आहे. येथे शेजाऱ्यास शेजारी ओळखतो. एका आळीत दोन आठवड्यांत तीन घरी लांबलेला ताप असल्यास ती बाब आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका अथवा शिक्षक यांच्या ध्यानात प्रथम येते. ती ध्यानात आल्यावर लिहिली जाणे व वेळेवर पोचणे हाच खरा प्रश्न आहे.

ताप गेला, जंतू गेला नाही

विषमज्वरातून बऱ्या झालेल्या प्रत्येक १०० रुग्णांपैकी साधारण २ ते ५ जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षे तग धरून राहतात. अशा व्यक्तीस रोगवाहक म्हणतात. तिला ताप नसतो, ती धडधाकट दिसते, कामधंदा करते आणि अधूनमधून तिच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण. १९०६ साली एका श्रीमंत कुटुंबाच्या उन्हाळी निवासस्थानी ११ जणांपैकी ६ जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर या तपासनिसांनी पाणी, दूध इत्यादींची चौकशी करूनही कारण सापडले नाही, तेव्हा त्यांनी स्वयंपाकिणीने पूर्वी कोठे कोठे नोकरी केली त्याची यादी मिळविली. तेथील अनेक घरांत तिच्या वास्तव्यात विषमज्वर झाल्याचे त्यांना आढळले. ती स्वतः कधी आजारी पडली नव्हती. तिला १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत विलग ठेवण्यात आले. या घटनेत एका बाईची झालेली आयुष्यभराची कोंडी आज कोणासही रुचणार नाही आणि आज तिची गरजही नाही. रोगवाहकास उपचार देता येतात. शौचानंतर साबणाने हात धुणे आणि तपासणी निर्दोष येईपर्यंत इतरांसाठी स्वयंपाक न करणे एवढी दक्षता त्याने घेतल्यास गाव सुरक्षित राहते. रोगवाहक हा गुन्हेगार नव्हे, तो आपला शेजारी आहे. त्याचे नाव चावडीवर किंवा बाजारात उच्चारू नये. ते फक्त आरोग्य कर्मचाऱ्याच्या नोंदीत असावे. अन्यथा लोक आजार लपवू लागतात आणि सर्वेक्षणाचा पायाच ढासळतो.

निदान आणि औषध

विषमज्वराचे खात्रीचे निदान रक्तसंवर्धन म्हणजे ब्लड कल्चर या चाचणीने होते. पहिल्या आठवड्यात, तेही प्रतिजैविक औषध देण्यापूर्वी, घेतलेले रक्त या चाचणीस सर्वांत उपयुक्त असते. औषधाच्या दोन-चार गोळ्या पोटात गेल्यावर रक्तातील जंतू चाचणीत सापडण्याची शक्यता कमी होते. १८९६ पासून प्रचारात असलेली विडाल चाचणी सोपी व स्वस्त आहे. तथापि ती बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून उपयोगी पडते आणि पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा अन्य तापांमुळेही तिचे उत्तर फसवे येऊ शकते. केवळ एका विडाल चाचणीवरून विषमज्वर ठरवू नये, असे तज्ज्ञांचे मत आहे. आपल्या भागात पावसाळ्यात हिवताप व डेंग्यू हेही ताप असतात, हे लक्षात घेता 'ताप म्हणजे टायफॉईड' असे गृहीत धरून औषध घेणे दुहेरी हानीचे ठरते. खऱ्या रोगाचा उपचार लांबतो आणि जंतू औषधाला सरावतात.

जंतूंचे हे सरावणे कल्पित नाही. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध उपलब्ध झाले आणि विषमज्वराचे भय पुष्कळ ओसरले. परंतु १९७२ साली केरळातील कालिकत येथे त्या औषधास दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे जंतू देशाच्या बऱ्याच भागांत आढळू लागले. नोव्हेंबर २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पाच प्रकारच्या औषधांना निष्प्रभ करणाऱ्या विषमज्वराने हजारो लोकांना ग्रासले. अर्धवट सोडलेला औषधोपचार आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या ही या संकटाला दिलेली निमंत्रणे होत. डॉक्टरांनी सांगितलेला औषधांचा क्रम, ताप उतरल्यावरही, शेवटच्या दिवसापर्यंत पुरा करावा.

नोंद कोठून कोठे जाते

रोगांची नियमित माहिती गोळा करण्यासाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यात तीन प्रकारचे नमुने ठरविण्यात आले. गावपातळीवरील आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून संशयित रुग्णांची नोंद 'एस' नमुन्यात करतात, डॉक्टर तपासणीवरून संभाव्य रुग्णांची नोंद 'पी' नमुन्यात करतात आणि प्रयोगशाळा सिद्ध झालेल्या रुग्णांची नोंद 'एल' नमुन्यात करते. पूर्वी हे नमुने कागदावर दर आठवड्याला वर पाठविले जात. २०२१ पासून एकात्मिक आरोग्य माहिती मंच या संगणकीय व्यवस्थेमुळे ही माहिती अधिक त्वरेने जिल्ह्यास व राज्यास उपलब्ध होते.

यंत्रणा कितीही वेगवान असली तरी तिच्यात माहिती माणसेच भरतात. सीमेवरील गावांच्या बाबतीत पत्ता हा त्या माहितीचा प्राण होय. नागपूरच्या रुग्णालयात नातेवाइकाच्या घरचा पत्ता दिल्यास तो रुग्ण नागपूरच्या खाती जमा होतो. तेथील कर्मचारी निर्दोष पाणी तपासत राहतात आणि गावाला काहीच कळत नाही. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी गाव, आळी व तालुका यांसह पूर्ण पत्ता सांगावा आणि गावी परतल्यावर निदानाचा कागद आशा कार्यकर्ती किंवा जवळच्या आरोग्य केंद्रास अवश्य दाखवावा. खासगी डॉक्टरांनीही अशी नोंद देणे हे आपल्या व्यवसायाचेच अंग मानावे.

नोंदीने काय साधते याचे अलीकडील उदाहरण आपल्याच देशातील आहे. २०१७ ते २०२० या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भाग या चार ठिकाणी ६ महिने ते १४ वर्षे वयाच्या सुमारे २४ हजार मुलांची नियमित विचारपूस करण्यात आली व लांबलेल्या तापात रक्ताची संवर्धन चाचणी करण्यात आली. तिन्ही शहरी ठिकाणी दर वर्षी प्रत्येक १ लाख मुलांमागे ५७६ ते १,१७३ इतके विषमज्वराचे रुग्ण आढळले. पुण्याच्या ग्रामीण क्षेत्रात हे प्रमाण ३५ होते. दोन गोष्टी यातून स्पष्ट होतात. दाटीच्या वस्त्यांत रोग अधिक आहे आणि एका ठिकाणच्या आकड्यावरून दुसऱ्या ठिकाणची स्थिती ठरविता येत नाही. प्रत्येक भागाने स्वतःची मोजदाद स्वतः केली पाहिजे.

जंतूंचे प्रकार ओळखण्यासाठी हिमाचल प्रदेशातील कसौली येथे मानवी नमुन्यांकरिता आणि उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे पशुवैद्यकीय नमुन्यांकरिता राष्ट्रीय केंद्रे आहेत. दोन गावांतील रुग्णांत एकाच प्रकारचा जंतू सापडल्यास त्यांचा उगम एक असण्याचा संभव वाढतो, अशा रीतीने या केंद्रांचे काम तपासास साहाय्यभूत होते.

पाण्याची राखण

पाण्यास राज्याची सीमा नाही. पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान महाराष्ट्रात उतरते आणि तिच्या पाण्याचा काही भाग नागपूर शहर पिते. वरच्या गावाची स्वच्छता ही खालच्या गावाची सुरक्षितता होय. विषमज्वराचे जंतू पाण्यात काही दिवस, बर्फात महिन्याहून अधिक आणि मलाने दूषित झालेल्या मातीत दोन महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतात. पहिल्या पावसाचा लोंढा ही घाण विहिरीत आणि फुटक्या नळांत नेऊन सोडतो. म्हणूनच जुलै ते सप्टेंबर हे महिने विशेष जपण्याचे.

पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही. गावात करता येण्याजोगी एक सोपी परीक्षा मध्य प्रदेशातीलच ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. विशिष्ट द्रावणात भिजवून वाळविलेला कागद निर्जंतुक बाटलीत ठेवलेला असतो. तीत खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवतात. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडल्यास त्यात विष्ठेतील जंतू असल्याचा संशय घ्यावा. पाणी काळे न पडणे ही मात्र पूर्ण निर्दोषतेची हमी नव्हे, याकरिता ठराविक काळाने प्रयोगशाळेतही नमुना पाठवावा.

पिण्याच्या विहिरीचे शुद्धीकरण ब्लीचिंग पावडरने करतात. गोल विहिरीतील पाणी मोजण्याची रीत अशी : विहिरीच्या व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि ३.१४ यांचा गुणाकार करून त्यास ४ ने भागावे. मापे मीटरमध्ये असल्यास येणारे उत्तर घनमीटरमध्ये असते व एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असल्यास विहिरीत सुमारे २८,००० लिटर पाणी आहे. दर १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम या प्रमाणात चांगल्या प्रतीची ७० ग्रॅम पावडर लागेल. पाणी गढूळ असल्यास किंवा साथ असल्यास मात्रा आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने वाढवावी. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करावी, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी, तळाशी बसलेला चुना न घेता वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत काढून ती विहिरीत सोडावी व पाणी ढवळावे. त्यानंतर निदान एक तास पाणी उपसू नये. हे काम रात्री करणे सोयीचे. सकाळी पाण्यातील उर्वरित क्लोरीन तपासावे. पावडर उघडी पडलेली किंवा जुनी असल्यास तिचा जोर गेलेला असतो.

घरगुती लहान विहिरीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सुचविलेली दोन मडक्यांची पद्धत आजही उपयुक्त आहे. आतल्या मडक्यात १ किलो ब्लीचिंग पावडर व २ किलो जाड वाळू ओलसर करून भरतात. या मडक्याला काठाजवळ आणि बाहेरच्या मडक्याला तळापासून ४ सेंटीमीटर उंचीवर एक सेंटीमीटरचे छिद्र असते. बाहेरच्या मडक्याचे तोंड प्लॅस्टिकच्या कागदाने बांधून ते पाण्याखाली निदान एक मीटर सोडतात. सुमारे ४,५०० लिटर पाणी असलेल्या आणि रोज ४०० लिटरपर्यंत उपसा असलेल्या विहिरीस ही व्यवस्था दोन ते तीन आठवडे पुरते.

नळाच्या गावी जलवाहिनीची गळती त्वरित दुरुस्त करावी आणि नाल्यातून गेलेल्या घरगुती नळजोडण्या बदलाव्यात. पाणी बंद असताना रिकाम्या नळीत आजूबाजूची घाण ओढली जाते. शंका असल्यास पाणी खळखळ उकळून प्यावे आणि ओगराळ्याने काढावे. बागेत संत्री तोडणाऱ्या मजुरांसाठी मालकाने शुद्ध पाण्याची टाकी व शौचाची सोय करावी, पाटाच्या पाण्यावर त्यांना सोडू नये.

अन्नाची राखण

दुधात विषमज्वराचे जंतू झपाट्याने वाढतात, तरीही त्याची चव वा रंग बदलत नाही. म्हणून दूध नेहमी उकळूनच वापरावे. अंड्याचे कवच अखंड व स्वच्छ असूनही आत जंतू असू शकतात, कारण कोंबडीच्या अंडाशयातूनच ते अंड्यात उतरतात, असे १९८० च्या दशकात अनेक देशांतील साथींवरून दिसून आले. अंडे बलक घट्ट होईपर्यंत आणि मांस आतपर्यंत पुरते शिजवावे. कच्चे मांस चिरलेली पाटी व सुरी न धुता तिच्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नये. पंगत लांबल्यास पुन्हा कडकडीत गरम करून वाढावे.

शाळेतील मध्यान्ह भोजन मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहण्याचा दंडक योग्यच आहे. परंतु साल्मोनेला चवीने ओळखता येत नाही, हेही शिक्षकांनी जाणून असावे. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे हात, नखे, पाणी आणि प्रकृती यांकडे लक्ष देणे चवीपेक्षा अधिक महत्त्वाचे. तिला ताप किंवा जुलाब असल्यास त्या दिवशी रजा द्यावी आणि ती रजा तिच्या मजुरीतून कापू नये. रजेचा दिवस बुडाला तर पोटासाठी ती आजार लपवील आणि त्याची किंमत शंभर मुले मोजतील.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास भरणारी गोटमारीची जत्रा, जामसावळीच्या हनुमान मंदिरातील गर्दी आणि आठवड्याचे बाजार या ठिकाणी उघडे खाद्यपदार्थ, कापलेली फळे व बर्फ यांची विक्री होते. नगरपालिकेने विक्रेत्यांना क्लोरीनयुक्त पाणी पुरविणे आणि हात धुण्याची सोय करणे हे दंड करण्याहून अधिक फलदायी ठरते.

लस

विषमज्वराच्या प्रतिबंधासाठी हैदराबाद येथे तयार होणाऱ्या संयुग्मित लशीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या अखेरीस मान्यता दिली. ही लस एकाच मात्रेत, लहान बालकांनाही देता येते. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी या लशीची मोहीम हाती घेतली व पहिल्या टप्प्यात सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ती दिली. सार्वजनिक आरोग्यसेवेतून ही लस देण्याचा जगातील हा पहिलाच उपक्रम होता, ही मराठी जनांस अभिमानाची गोष्ट होय. लशीबाबत पालकांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मात्र लस ही पॅराटायफॉईडपासून अथवा अन्नविषबाधेपासून वाचवीत नाही. लस टोचली म्हणून विहिरीत क्लोरीन नको, असा समज कोणीही करून घेऊ नये.

प्रत्येकाचे काम

ग्रामस्थांनी तीन दिवसांहून अधिक राहिलेल्या तापाची माहिती आशा कार्यकर्तीस द्यावी, तापात परस्पर प्रतिजैविके घेऊ नयेत, रुग्णाची विष्ठा शौचालयातच जाईल असे पाहावे आणि रुग्णसेवा केल्यावर साबणाने हात धुवावेत. जुलाब झालेल्यांना मीठ-साखर-पाणी अथवा जलसंजीवनी देत राहावे.

शिक्षकांनी हजेरीपटाकडे आरोग्याच्या दृष्टीनेही पाहावे. एका आठवड्यात एकाच आळीतील चार मुले तापाने गैरहजर असल्यास तो हजेरीपट हीच साथीची पहिली सूचना असते. ती त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावी.

आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रत्येक संशयित रुग्णाचे वय, आळी, ताप सुरू झाल्याची तारीख, पिण्याच्या पाण्याचे ठिकाण आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांतील जेवणावळी विचारून लिहाव्यात आणि गावाच्या नकाशावर त्या घरी खूण करावी. खुणा एका विहिरीभोवती किंवा एका दूधवाल्याच्या घरांभोवती जमू लागल्यास प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट न पाहता पाणी शुद्ध करण्यास प्रारंभ करावा.

अधिकाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ज्या केंद्राकडून अधिक रुग्णांची नोंद आली, त्यास जाब विचारण्याऐवजी मदत पाठवावी. रुग्ण कळविल्याबद्दल बोलणी बसू लागली की तक्ते कोरे येतात आणि कोऱ्या तक्त्याआड रोग वाढतो. शून्य रुग्णांची नोंद खरी आहे की आळसाची, हे अधूनमधून गावात जाऊन पडताळावे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एकमेकांच्या हद्दीतील रुग्णांची माहिती परस्परांस तत्काळ कळवावी.

विषमज्वर हा दैवाचा कोप नाही आणि गरिबीचा अटळ भोगही नाही. एका माणसाची विष्ठा दुसऱ्या माणसाच्या तोंडापर्यंत पोचण्याचा मार्ग कोठेतरी उघडा आहे, एवढेच तो सांगतो. हा मार्ग कोठे आहे हे पहिला रुग्णच आपल्याला दाखवितो. त्याची नोंद त्याच दिवशी, पूर्ण पत्त्यासह, लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंतच्या प्रत्येक गावी होऊ लागली, तर दुसऱ्या रुग्णाची वाट पाहण्याची वेळ बहुधा येणार नाही.